माघार घेतल्यावर काय मागे उरते

न्यूयॉर्कचा शेअर बाजार १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊला उघडला आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात ही घटना वारंवार सांगितली जाते ती एका चुकीसाठी. ग्राहकांच्या ऑर्डरी बाजारात पाठवणाऱ्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. सातांवर तो चढला, आठव्यावर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. कंपनीने २००३ मध्येच त्याचा वापर थांबवला होता, पण तो काढून टाकला नव्हता. नवा कोड चालू करणारी खूण म्हणून, म्हणजे प्रोग्रामरांच्या बोलीत फ्लॅग म्हणून, नेमका पॉवर पेगचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला गेला. बाजार उघडल्यावर फ्लॅग लागलेल्या ऑर्डरी आल्या, सात सर्व्हरनी त्यांचा नवा अर्थ घेतला आणि आठव्याने जुना. २१२ किरकोळ ऑर्डरींपायी १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांवर सौदे झाले. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०१३ साली काढलेल्या आदेशात हे सगळे नोंदलेले आहे. त्याच आदेशात पुढे आलेली एक बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. गोंधळ आवरण्याच्या प्रयत्नात कंपनीच्या लोकांनी ज्या सात सर्व्हरवर नवा कोड नीट बसला होता, तिथूनच तो काढून टाकला. त्याने संकट वाढले, कारण आता त्या सातांवरही पॉवर पेग जागा झाला.

नवी आवृत्ती बिघडली की आधीच्या आवृत्तीवर परत जायचे, याला रोलबॅक म्हणतात. हा उपाय पहिल्यांदा सुचतो आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगवरच्या पुस्तकात असे निरीक्षण आहे की यंत्रणा कोलमडण्याचे सुमारे ७० टक्के प्रकार चालू यंत्रणेत केलेल्या बदलांमुळे होतात. बदलाने बिघडले असेल तर बदल उलटवा, हा साधा तर्क आहे. नाइट कॅपिटलच्या लोकांनी तोच तर्क चालवला. त्यांची समजूत अशी की यंत्रणा कालच्या स्थितीवर नेली. प्रत्यक्षात मागे गेला तो फक्त कोड. फ्लॅग आजचाच होता आणि येणाऱ्या ऑर्डरीही आजच्याच होत्या. कालचा कोड आणि आजचा फ्लॅग या जोडीची चाचणी कुणी केलेली नव्हती. रोलबॅकमध्ये काळ मागे जात नाही. जुन्या कोडची नव्या परिस्थितीशी गाठ घातली जाते, आणि ही गाठ सुरक्षित आहे की नाही हे दर वेळी वेगळे ठरते. रोलबॅक करणाऱ्या साधनाचे दस्तऐवज लिहिताना मुख्य काम हे वास्तव सांगण्याचे असते, असे माझे म्हणणे आहे. कमांड कशी चालवायची हे सांगायला चार ओळी पुरतात.

एरवी हा विषय सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरचा म्हणून सोडून देता आला असता. पण आता ही माहिती वाचणारा बदलतो आहे. एआय एजंट म्हणजे भाषेवर चालणारे मॉडेल, ज्याला उत्तर देण्यापलीकडे काही कृती करण्याची मुभा आहे: लॉग वाचणे, कमांड चालवणे, आवृत्ती बदलणे. अशा प्रत्येक कृतीसाठी त्याला एक साधन दिलेले असते. साधनाचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतले वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी, एवढे वाचून मॉडेल ठरवते की हे साधन आत्ता वापरायचे की नाही. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने या पद्धतीला एक सामाईक साचा दिला आणि तो पाहता पाहता इतर कंपन्यांनीही स्वीकारला. या रचनेत वर्णनाचा मजकूर साधनाला जोडलेले माहितीपत्रक राहत नाही. एजंटला साधन दिसते ते याच मजकुरातून. जे तिथे लिहिलेले नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, त्याने अंदाजाने कल्पिलेले असते.

माणूस अपुरी माहितीपुस्तिका वाचून निभावून नेतो, कारण त्याच्याजवळ पुस्तिकेबाहेरचे बरेच काही असते. हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळीला बसलेल्या अभियंत्याला ‘आधीच्या आवृत्तीवर न्या’ एवढीच ओळ मिळाली, तरी त्याला आठवते की संध्याकाळी डेटाबेसचे काम झाले होते. तो वरिष्ठाला फोन लावतो, मागच्या वेळी काय केले होते ते विचारतो, कळ दाबण्याआधी त्याचा हात थबकतो. एजंटजवळ ती संध्याकाळ नसते. त्याच्याजवळ असते ती जगभरच्या मजकुरातून आलेली सर्वसाधारण जाण: अशा यंत्रणा सहसा कशा वागतात, अशा कमांड सहसा काय करतात. तुमची यंत्रणा त्या सर्वसाधारण चित्रापेक्षा जिथे वेगळी आहे, तिथे ही जाण त्याला चुकीच्या ठिकाणी नेते आणि तेही आत्मविश्वासाने. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या व्यासपीठावर हे उघड्यावर घडले. तिथल्या एजंटने, कोणताही बदल करू नकोस असे बजावलेले असताना, एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शनमधला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातला डेटाबेस पुसून टाकला. पुसणे ही मोठी चूक होतीच. माझ्या विषयाला लागू आहे ते त्यानंतरचे. रोलबॅकने हा डेटा परत येणार नाही, असे एजंटने वापरकर्त्याला सांगितले. वापरकर्त्याने तरी करून पाहिले आणि डेटा परत आला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी नंतर जाहीरपणे जी कारणे आणि उपाय मांडले, त्यांत एक कारण असे होते की एजंटला कंपनीची योग्य ती अंतर्गत माहिती उपलब्ध नव्हती. माघारीची सोय होती, एका क्लिकवर होती, आणि जो मदत करायला नेमला होता त्यालाच ती ठाऊक नव्हती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की दस्तऐवजाचे काम स्पष्ट होते. एकीकडे माघार जेवढी मोठी समजली गेली तेवढी ती नव्हती. दुसरीकडे ती होती, पण नाही असे समजले गेले. दोन्हीकडे गहाळ होती ती एकच माहिती: या साधनाची हद्द. काय मागे जाते, काय जात नाही आणि ते कोणत्या अटीवर. तरीही प्रत्यक्षात बहुतेक साधनांची वर्णने ‘सेवा आधीच्या आवृत्तीवर नेते’ अशा एका वाक्यात आटोपतात. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द संदिग्ध आहे. सेवा म्हणजे फक्त कोड की तिची सेटिंगही? आधीची म्हणजे काळाने आधीची की शेवटची नीट चाललेली? नेते म्हणजे नेण्याचा आदेश देते की नेऊन झाल्याची खात्रीही करते?

सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या क्युबरनेटीज या व्यवस्थेचे उदाहरण घेऊ, कारण आज जगातल्या असंख्य कंपन्यांची सॉफ्टवेअर त्यावर चालतात आणि त्याचे दस्तऐवज चांगले म्हणून ओळखले जातात. त्यात ‘रोलआउट अनडू’ नावाची कमांड आहे. ती चालवली की डिप्लॉयमेंट, म्हणजे चालू असलेली सेवा, मागच्या आवृत्तीवर जाते. अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की परत फिरतो तो फक्त पॉडचा साचा, म्हणजे सॉफ्टवेअरची कोणती प्रतिमा कोणत्या आज्ञेने चालवायची वगैरे सांगणारा भाग. सेटिंग जर कॉन्फिगमॅप नावाच्या वेगळ्या वस्तूत ठेवली असेल, तर ती जागची हलत नाही. म्हणजे कालचा कोड आणि आजचा फ्लॅग ही जोडी इथेही सहज जुळते. मागच्या आवृत्त्या किती जपायच्या याचीही मर्यादा आहे. वेगळे काही सांगितले नाही तर दहा, आणि कुणी ती शून्यावर नेली असेल तर परत जायला जागाच उरत नाही. पण एजंटच्या दृष्टीने सगळ्यात घातक गोष्ट आणखी वेगळी आहे. आवृत्तीचा क्रमांक न देता ही कमांड चालवली तर ती ‘याच्या लगेच आधीच्या’ आवृत्तीवर जाते. समजा सातवी आवृत्ती बिघडली आणि आपण सहावीवर आलो. आता सहावी हीच सर्वांत ताजी झाली आणि तिच्या लगेच आधीची ठरली सातवी. कमांड पुन्हा चालवली की आपण बिघडलेल्या आवृत्तीवर परत. माणूस असे सहसा करत नाही, कारण त्याला आठवते की आपण नुकतीच ती चालवली. एजंटच्या बाबतीत जोडणी मध्येच तुटली, उत्तर यायला उशीर झाला, तर तोच आदेश पुन्हा देणे हे त्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचे पाऊल असते. अर्धवट उत्तर आले म्हणून त्याने पुन्हा कळ दाबली, आणि दुरुस्त झालेली यंत्रणा पुन्हा आजारी.

यावर ‘ही कमांड दोनदा चालवू नका’ अशी ताकीद लिहिता येईल. त्याहून बरा उपाय असा की साधनाला आवृत्तीचा नेमका क्रमांक दिल्याशिवाय चालताच येऊ नये. ‘सहाव्या आवृत्तीवर न्या’ हा आदेश दहादा दिला तरी फळ एकच. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये एजंट बांधण्याविषयी लिहिताना असाच एक अनुभव नोंदवला आहे. त्यांचा कोड लिहिणारा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेल्यावर फाइलचा सापेक्ष पत्ता देताना चुकत असे. त्यांनी साधनाला नेहमी पूर्ण पत्ताच लागेल असा बदल केला आणि चूक थांबली. त्या कामात मुख्य सूचनांपेक्षा साधने घडवण्यावर जास्त वेळ गेला, असेही त्यांनी म्हटले आहे. यातून घ्यायचे ते हे की एजंटसाठी दस्तऐवज लिहिणे आणि साधन घडवणे या दोन पाळ्यांत करायच्या गोष्टी नाहीत. लिहिताना एखादे वाक्य ‘लक्षात ठेवा’ असे सुरू होऊ लागले, की ते साधनातल्या उणिवेकडे बोट दाखवत असते.

तरी काही गोष्टी साधनाच्या रचनेत बसवता येत नाहीत आणि त्या लिहाव्याच लागतात. त्यांतली पहिली डेटाची. नव्या आवृत्तीने डेटाबेसमधला एखादा रकाना काढून टाकला असेल, तर जुना कोड परत आल्यावर तो रकाना शोधतो आणि कोसळतो. नव्या आवृत्तीने तासभर नव्या पद्धतीने नोंदी लिहिल्या असतील, तर जुन्या कोडला त्या वाचता येत नाहीत. यावरचा जाणता उपाय म्हणजे असा बदल दोन टप्प्यांत करणे. आधी दोन्ही पद्धती वाचता येतील असा कोड सर्वत्र पोचवायचा आणि तो स्थिरावल्यावरच नव्या पद्धतीने लिहायला सुरुवात करायची. अमेझॉनच्या अभियंत्यांनी ही द्विचरण पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे. पण एखाद्या विशिष्ट रात्री, विशिष्ट सेवेच्या बाबतीत, पहिला टप्पा पार पडला आहे की दुसरा सुरू झाला आहे, हे कोणत्याही सर्वसाधारण पानावर सापडणार नाही. ते प्रत्येक आवृत्तीसोबत, ती बनवणाऱ्याने लिहायला हवे: या आवृत्तीवरून मागे जाता येते का, कुठपर्यंत, आणि आधी काय करावे लागेल. साधनाला आवृत्त्यांची यादी विचारली की त्याने क्रमांक आणि तारखेबरोबर ही माहितीही सांगावी. एजंटला निर्णयाच्या क्षणी जे समोर दिसते तेच उपयोगी. दूरच्या कुठल्या पानावरची सूचना त्या क्षणी त्याच्या हाताशी असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट यंत्रणेच्या कुंपणाबाहेर गेलेल्या परिणामांची. सदोष आवृत्तीने ग्राहकांना चुकीचे एसएमएस पाठवले, यूपीआयवरून कुणाला दोनदा पैसे गेले, बाहेरच्या भागीदाराला चुकीची फाइल पोचली, तर कोड मागे नेल्याने यांतले काही परत येत नाही. त्यासाठी वेगळी, भरपाईची कृती लागते आणि ती बहुधा माणसाने ठरवायची असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधल्या एका सदोष फाइलने जगभरची विंडोज यंत्रे बंद पाडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. कंपनीने सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तिच्या बाजूने पाहिले तर रोलबॅक झाला आणि लवकर झाला. पण जी यंत्रे सुरू होता होताच कोसळत होती ती दुरुस्त फाइल उतरवून घेऊच शकत नव्हती. अनेक ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो सेफ मोडमध्ये चालू करून, ती फाइल हाताने पुसावी लागली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. या प्रसंगात एखादा एजंट नेमला असता आणि त्याच्या साधनाने ‘रोलबॅक यशस्वी’ एवढेच उत्तर दिले असते, तर त्याने काम संपले असे कळवून टाकले असते.

यश म्हणजे काय, हे म्हणूनच स्वतंत्रपणे आणि ठाशीव शब्दांत लिहावे लागते. आदेश स्वीकारला गेला, आवृत्ती बदलली, सेवा पुन्हा नीट उत्तरे देऊ लागली आणि वापरणाऱ्यांचा त्रास थांबला, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. साधन यांतल्या कोणत्या पायरीवर ‘झाले’ म्हणते ते सांगावे, उरलेल्या पायऱ्या कशा तपासायच्या ते सांगावे आणि किती वेळ वाट पाहायची तेही सांगावे. वेळेचा मुद्दा क्षुल्लक नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राने, जगभरच्या सर्व्हरांची प्रक्रियाशक्ती खाऊन टाकली आणि २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे बंद होती. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या प्रांजळ अहवालात दोन कारणे अशी आहेत की ती कोणत्याही रोलबॅक-साधनाच्या वर्णनात पहिल्या पाच ओळींत असायला हवी होती. मागे जाण्याच्या ठरलेल्या पद्धतीत सगळी बांधणी दोनदा चालवावी लागे आणि त्यात फार वेळ जाई. शिवाय त्या बिघाडाने कंपनीची स्वतःची अंतर्गत नियंत्रणे गाठणेही अवघड करून ठेवले होते. म्हणजे दस्तऐवजात हेही हवे की हे साधन स्वतः कशावर अवलंबून आहे, आणि तेच बंद पडले असेल तर दुसरी वाट कोणती.

असे वर्णन वाचायला कसे असेल? साधारण असे: ‘दिलेल्या सेवेचा कोड दिलेल्या क्रमांकाच्या आवृत्तीवर नेते. सेटिंग, फ्लॅग आणि डेटाबेस यांना हात लावत नाही. आधी आवृत्त्यांची यादी मागवा. ज्या आवृत्तीपुढे “परत फिरता येत नाही” असे असेल तिच्यापलीकडे मागे जाऊ नका, ऑन-कॉल अभियंत्याला कळवा. तोच क्रमांक पुन्हा दिल्यास काही बदलत नाही. उत्तर आले म्हणजे आदेश स्वीकारला गेला, सेवा बरी झाली असे नाही. पाच मिनिटांनी चुकांचे प्रमाण तपासा. ते कमी झाले नसेल तर आणखी मागे जाऊ नका, थांबा आणि कळवा.’ यात कौतुकाचा शब्द नाही आणि इतिहासही नाही. मर्यादा दुसऱ्याच वाक्यात आली आहे, आणि तिथे ती मुद्दाम आहे. स्टॅनफर्ड आणि इतर संस्थांतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल चांगली वापरतात, मधली मात्र त्यांच्या हातून निसटते. मॉडेल तेव्हापासून सुधारली आहेत, तरी तेराव्या परिच्छेदात पुरलेली सूचना माणसालाही सापडत नाही, हे जुने सत्य आहेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षेच्या बाजूने, आणि तो वजनदार आहे. मजकूर म्हणजे कुलूप नव्हे. एजंटने वाचले आणि तरी केले, तर? रेप्लिटच्या एजंटलाही बदल करू नकोस असे सांगितलेच होते. हे मला पूर्ण मान्य आहे. जे घडूच नये ते कोडने अडवावे, परवानगीने अडवावे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन फक्त वाचते की विध्वंसक आहे, पुन्हा चालवले तर फरक पडतो की नाही, असे सांगणाऱ्या खुणा जोडता येतात. पण प्रोटोकॉल स्वतःच बजावतो की या केवळ सूचक खुणा आहेत आणि अनोळखी सर्व्हरकडून आल्या असतील तर त्यांवर विसंबू नये. तरीही कुलपाने मजकुराची गरज संपत नाही, उलट ती कुलपाच्या दारापाशीच सर्वाधिक असते. साधनाने नुसते ‘परवानगी नाही’ असे उत्तर दिले, तर एजंट दुसरी वाट शोधतो, कारण अडथळा आला की पर्याय शोधणे यासाठीच तो बनवला आहे. त्याच्या हाती सर्वसाधारण कमांड चालवण्याचे साधन असेल तर ती वाट त्याला सापडेलही. म्हणून नकाराच्या संदेशात सांगावे की का नाकारले, यंत्रणा आत्ता कोणत्या स्थितीत आहे, कुणाची संमती लागेल, आणि हेच काम दुसऱ्या साधनाने करू नये. त्रुटीचा संदेश हा दस्तऐवजाचा सर्वांत जास्त वाचला जाणारा भाग आहे आणि तोच आपण सर्वांत घाईत लिहितो.

दुसरा आक्षेप आशावादी आहे: मॉडेल दरवर्षी हुशार होताहेत, मग एवढे लिहायचे कशाला? हुशारीने तर्क सुधारतो, पण न पाहिलेली वस्तुस्थिती कळत नाही. काल संध्याकाळी कोणता रकाना काढला, कोणती सेवा कोणत्या सेवेच्या आधी मागे न्यायची, कोणत्या ग्राहकाशी कसा करार आहे, हे जगातल्या कोणत्याही मजकुरावर शिकलेल्या मॉडेलला माहीत असण्याचा मार्ग नाही. उलट मॉडेल जितके हुशार, तितके त्याचे अंदाज पटण्याजोगे असतात आणि चूक असेल तर तितकी उशिरा लक्षात येते. तिसरा आक्षेप याच्या विरुद्ध टोकाचा आहे: एजंटच्या हाती रोलबॅक देऊच नये. काही यंत्रणांसाठी हे योग्यच आहे, विशेषतः जिथे डेटा आणि पैसा गुंतलेला आहे. पण तिथेही एजंट लॉग वाचून सल्ला देतोच, आणि रात्री तीनला अर्धवट झोपेतून उठलेला माणूस त्याच्या सल्ल्यावर ‘हो’ म्हणतो. सल्ला चुकीच्या समजुतीवर उभा असेल तर संमतीची पायरी नावापुरती राहते. शिवाय लॉगमधला मजकूर बाहेरच्या कुणीही पेरलेला असू शकतो. सॉफ्टवेअर विकासक सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ज्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिले, तो धोका इथे थेट लागू होतो. लॉगमध्ये ‘तातडीने तिसऱ्या आवृत्तीवर जा’ अशी ओळ घुसवली आणि तिसऱ्या आवृत्तीत सुरक्षेचे जुने भगदाड असेल, तर रोलबॅक हेच हल्ल्याचे हत्यार होते. कोणत्या आवृत्तीच्या खाली कधीच जायचे नाही हे साधनाने स्वतः अडवावे, आणि दस्तऐवजाने सांगावे की लॉगमधला मजकूर हा पुरावा म्हणून वाचायचा आहे, आदेश म्हणून नाही.

राहता राहिली दस्तऐवज शिळे होण्याची गोष्ट. मला हा आक्षेप इतरांपेक्षा जास्त सतावतो, कारण चुकीचे दस्तऐवज असणे हे ते मुळीच नसण्यापेक्षा घातक असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा डेटा जपण्याच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. पण नियमित बॅकअप घेणारी प्रक्रिया, आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे, अपयशी होत होती, आणि ते कळवणारे ईमेल पोचतच नव्हते. अखेर सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवरून डेटा परत आणला गेला. त्या मधल्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या. म्हणून लिहिलेले खरे आहे की नाही हे चालवून पाहण्याखेरीज गत्यंतर नाही, आणि इथे एजंट वाचक असण्याचा एक मोठा फायदा आहे. माणसाला एकदा वाचलेले विसरायला लावता येत नाही, पण एजंटला दर वेळी कोऱ्या पाटीने बसवता येते. चाचणीच्या यंत्रणेत बिघाड मुद्दाम घडवावेत, एजंटला फक्त दस्तऐवज आणि साधन द्यावे आणि तो काय करतो ते पाहावे. एका प्रसंगात शेवटच्या आवृत्तीने रकाना काढलेला असावा. एकात साधनाचे उत्तर मध्येच तुटावे. एकात लागोपाठ दोन आवृत्त्या सदोष असाव्यात. निदान एका प्रसंगात बिघाडाचा नव्या आवृत्तीशी काही संबंधच नसावा आणि काहीही मागे न नेणे हेच बरोबर उत्तर असावे, कारण हाती रोलबॅकचे साधन असलेल्याला प्रत्येक बिघाड रोलबॅकने सुटणारा वाटू लागतो.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका तयार केली, तेव्हा कमांडचे नाव, वापर आणि वर्णन यांच्या जोडीला उणिवा सांगणारा स्वतंत्र भाग तिच्या आराखड्यातच होता. बनवणाऱ्यानेच आपल्या साधनाचे दोष त्याच पानावर लिहावेत ही प्रथा तिथून रुजली आणि पुढे उत्पादनांच्या जाहिरातवजा दस्तऐवजांत क्षीण होत गेली. रोलबॅकच्या साधनाला तिची गरज सर्वांत जास्त आहे. तो भाग कोडच्या शेजारी, त्याच भांडारात ठेवावा, साधनाचे वर्तन बदलणाऱ्या प्रत्येक बदलाबरोबर तोही त्याच तपासणीतून जावा आणि वर सांगितलेल्या चाचण्या तेव्हाच पुन्हा चालवाव्यात. एजंट वारंवार एकाच जागी चुकत असेल तर वाक्य बदलण्याआधी साधन बदलून पाहावे. आणि प्रत्यक्षातल्या प्रत्येक रोलबॅकनंतर, तो एजंटने केलेला असो वा माणसाने, काय मागे गेले आणि काय राहिले याची नोंद दुसऱ्या दिवशी त्या भागात जावी, रात्रीच्या माणसाची शिफ्ट संपायच्या आत त्याच्याकडून तपशील विचारून घेऊन.